पितळ, प्लास्टिक आणि तयार गाडी: मॉडेल रेल्वेच्या किटचा वाद कुठवर आला?

मॉडेल रेल्वेचा छंद ब्रिटनमध्ये जुना आणि चांगलाच मुरलेला आहे. तिथे गेली पंचवीसेक वर्षं एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. दुकानातलं इंजिन आता खोक्यातून काढून थेट रुळांवर ठेवता येतं. बॉयलरवरची नळी न् नळी, दारावरची मूठ, कंपनीचं बोधचिन्ह, सगळं जागच्या जागी आणि प्रमाणात असतं. मग कित्येक महिने दिव्याखाली बसून पितळी पत्र्यातून तेच इंजिन घडवायचं कशासाठी? आणि घडवायचंच असेल तर कोणत्या मापात, कोणत्या धातूत, किती खरेपणानं?

हा आढावा मुख्यतः चार मिलिमीटर मापाचा आहे. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे मॉडेलवर चार मिलिमीटर, प्रमाण १:७६.२. किटची परंपरा याच मापात सर्वांत खोल गेली आणि तिचे वादही इथेच नीट आकाराला आले. आपल्याकडे भारतीय गाड्यांची मॉडेल्स करणाऱ्यांपुढे आज जे प्रश्न आहेत, ते बरेचसे याच वादांतून आधी येऊन गेलेले आहेत. म्हणून शेवटी तिकडेही वळायचं आहे.

आधी दोन कामांतला फरक सांगतो. किटमध्ये सुटे भाग मिळतात आणि त्यांतून पूर्ण इंजिन किंवा डबा जोडायचा असतो. रूपांतरात तयार गाडी घेऊन ती कापायची, वाढवायची, तिच्या बाजू बदलायच्या आणि कारखान्यानं कधीच न काढलेला प्रकार तिच्यातून काढायचा. प्रत्यक्षात बहुतेक लोक दोन्ही करतात, बरेचदा एकाच गाडीवर.

सात इंचांची तडजोड

पहिल्या महायुद्धानंतर घरातल्या टेबलावर मावेल अशा रेल्वेची गरज निर्माण झाली. नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीनं जर्मनीतल्या बिंगकडून अशी रेल्वे बनवून घेतली आणि १९२२ मध्ये ती बाजारात आली. तिचे रूळ ३२ मिमीच्या ओ-गेजच्या साधारण निम्मे होते. पुढे हे माप १६.५ मिमीवर स्थिरावलं. युरोप-अमेरिकेनं त्यावर १:८७ हे एचओ प्रमाण नेमकं बसवलं. खऱ्या रुळांच्या १४३५ मिमीला ८७ नं भागलं की साडेसोळाच येतात. ब्रिटिश गाड्या मात्र युरोपातल्या गाड्यांपेक्षा अरुंद आणि बुटक्या, कारण तिथले पूल आणि बोगदे फार लवकर बांधले गेले. त्यांच्या एचओ आकाराच्या बॉडीत तेव्हाची मोटर मावेना. तोडगा निघाला तो असा: बॉडी मोठी करायची आणि रूळ तेच ठेवायचे. १९३८ च्या हॉर्नबी डबलोनं हे माप लोकप्रिय केलं आणि डबल-ओ या नावानं ते कायमचं बसलं.

हिशेब केला तर डबल-ओचे रूळ खऱ्या रुळांपेक्षा सात इंच अरुंद ठरतात. बाजूनं पाहिलं तर काही कळत नाही. समोरून पाहिलं की इंजिन पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं. किटचा इतिहास पाहताना ही तडजोड सतत आड येते, कारण स्वतः चाकं बसवणाऱ्याला ती टाळता येते आणि दुकानातून गाडी घेणाऱ्याला सहसा येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात फारसं काही मिळत नव्हतं, म्हणून जो तो हातानं बनवत होता. जॉन एहर्न यांची मॅडर व्हॅली ही रेल्वे आणि त्यांचं इंजिनबांधणीवरचं पुस्तक यांनी एका पिढीला करवत आणि कानस हाती धरायला लावली. मॅडर व्हॅली आज ऑक्सफर्डशायरमधल्या पेन्डन संग्रहालयात आहे. रेव्हरंड पीटर डेनी यांनी बकिंगहॅम नावाच्या त्यांच्या रेल्वेसाठी पुठ्ठ्यातून डबे केले आणि ते डबे दशकानुदशकं धावले. पुठ्ठ्यानं टिकाव धरला ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण पुढे साहित्यावरून जे वाद झाले त्यांत ती बरेचदा विसरली जाते.

पन्नाशीच्या दशकात किट आली. केझर आणि विल्स यांनी शिसं-कथलाच्या मिश्रधातूतले ओतीव भाग विकायला काढले. विल्सची युक्ती व्यवहारी होती: इंजिनाची फक्त बॉडी किटमध्ये आणि खाली ट्रायँगच्या खेळण्यातली तयार चासी. चालणारा भाग विकत आणि दिसणारा भाग हातचा, ही विभागणी तिथून रुजली. १९५९ मध्ये किटमास्टरनं प्लास्टिकची इंजिनं आणि डबे आणले. ती इंजिनं चालत नसत, शोभेची होती. पण लोकांनी त्यांत मोटर बसवायच्या वाटा शोधल्या. १९६२ मध्ये ते साचे एअरफिक्सकडे गेले, नंतर डेपोलकडे, आणि त्यांतली काही किट आजही विकली जातात.

साहित्याचा प्रश्न

किटच्या तीन जुन्या साहित्यांत प्रत्येकाची बाजू घेणारे आहेत आणि प्रत्येकाकडे ठोस कारणं आहेत.

ओतीव धातू, ज्याला तिकडे व्हाइटमेटल म्हणतात, जड असतो. इंजिनाला वजन हवंच असतं. वजनाशिवाय चाकं रुळांवर पकड घेत नाहीत. बॉयलर, चिमणी, घुमट असे गोलाकार भाग ओतीव कामात सहज निघतात. उलट बाजू अशी की पत्र्याची पातळ कड त्यात येत नाही. केबिनची भिंत प्रमाणात बघितली तर किल्ल्याच्या तटाएवढी जाड दिसते. शिवाय जोडकाम करताना हात सांभाळावा लागतो. त्यासाठी ७० अंश सेल्सिअसला वितळणारं सोल्डर असतं. सोल्डरिंग आयर्नचं तापमान खाली आणून, फ्लक्स लावून ते सांध्यात पळवायचं. नेहमीच्या तापमानाचं आयर्न लागलं की भागाची कड क्षणात गळून जाते आणि परत येत नाही. पितळी चासीला हा धातू जोडायचा असेल तर आधी पितळावर साध्या सोल्डरचा पातळ थर चढवावा लागतो, नाहीतर ७० अंशांचं सोल्डर पितळाला धरतच नाही. या कटकटीला कंटाळून अनेक जण एपॉक्सीनं चिकटवतात. ओतीव भागांसाठी तेही चालून जातं.

प्लास्टिकनं डब्यांच्या कामात क्रांती केली. रेशिओची ग्रेट वेस्टर्नच्या चारचाकी डब्यांची आणि मिडलँड रेल्वेच्या उपनगरी डब्यांची किट, तसंच कर्कची डब्यांची किट यांवर हजारो लोकांनी हात बसवला. पॉलिस्टायरीन विद्रावकानं जुळतं, धारदार पात्यानं कापता येतं आणि चुकलं तर फार नुकसान होत नाही. पण डबा हलका होतो. वजनासाठी फरशीखाली शिशाचे तुकडे चिकटवावे लागतात. खिडकीच्या चौकटीची जाडीही लपत नाही.

सत्तरीनंतर कोरीव पितळ आलं आणि त्यानं या छंदाची पातळीच बदलली. पत्र्यावर प्रकाशसंवेदी लेप देऊन, चित्र उमटवून, नको तो भाग रसायनानं खाऊन टाकायचा. दोन्ही बाजूंनी खाल्लं की आरपार खिडकी होते. एकाच बाजूनं अर्ध्या जाडीपर्यंत खाल्लं की घडी घालायची रेघ होते, किंवा दाराभोवतीची फट. व्हिक्टोरियन काळातल्या लाकडी डब्यांच्या बाजूंवर पट्ट्यांची जी नक्षी असे ती या पद्धतीत जितकी नेमकी उतरते तितकी अन्य कशात उतरत नाही.

पण पत्रा सपाट असतो आणि डब्याची बाजू सपाट नसते. ब्रिटिश डब्याची बाजू खाली फलाटाच्या उंचीला आत वळते. हा बाक आणण्यासाठी पत्रा मऊ रबरी गादीवर पालथा ठेवायचा, खालच्या पट्टीवर धातूचा गोल दांडा ठेवून दाब देत मागेपुढे फिरवायचा आणि दर दोन-चार वेळा डब्याच्या शेवटच्या भिंतीशी लावून बघायचं. दोन्ही बाजू सारख्या वळल्या नाहीत तर छप्पर बसताना डबा पिळवटतो. छप्पर ॲल्युमिनियमचं असो, प्लास्टिकचं किंवा पितळाचं, या बाकाची चूक ते झाकत नाही. कोरीव किट अवघड असतात असं म्हटलं जातं, त्यातलं खरं अवघड काम हे आहे. सोल्डरिंग काही आठवड्यांत जमतं.

रूपांतर: काप आणि नवी बाजू

डब्यांच्या बाबतीत बहुतेकांची वाट किटपेक्षा रूपांतराची राहिली. कारण सरळ आहे. एकेका ब्रिटिश कंपनीकडे एकाच काळात डझनावारी आराखड्यांचे डबे होते: ब्रेकव्हॅन जोडलेले, फक्त तिसऱ्या वर्गाचे, संमिश्र वर्गांचे, स्वयंपाकघराचे. खेळणी कंपनी त्यांतले दोन-तीन काढायची. बाकीचे मिळवायचे तर कापाकापी आली.

जुनी रीत म्हणजे दोन स्वस्त डबे घ्यायचे, बारीक दातांच्या करवतीनं खिडक्यांच्या मध्ये उभे कापायचे आणि तुकड्यांची जुळणी बदलून तिसराच आराखडा उभा करायचा. नंतर कॉमेट, रॉक्सी यांसारख्या छोट्या उत्पादकांनी नुसत्या कोरीव बाजू विकायला सुरुवात केली. तयार डब्याची फरशी, बोग्या (म्हणजे खालचे चाकांचे गाडे), शेवटच्या भिंती आणि छप्पर ठेवायचं; मधली प्लास्टिकची बाजू खरडून किंवा कापून काढायची आणि तिथे पितळी बाजू बसवायची. इथे एक बारकी गोष्ट अनुभवी लोक आवर्जून सांगतात: पितळ आणि प्लास्टिक उन्हाळ्या-हिवाळ्यात सारखं फुगत-आकसत नाही. ठिसूळ, झटपट गोंदानं चिकटवलेली लांब बाजू वर्षभरानं एखाद्या टोकाला सुटते. थोडी लवचीकता ठेवणारा गोंद इथे बरा.

या पद्धतीचं अर्थशास्त्र आता उलटलं आहे. डबा स्वस्त आणि ढोबळ होता तेव्हा त्यावर करवत चालवताना काही वाटत नसे. आजचा तयार डबा आत दिवे, आसनं, वेगळ्या बसवलेल्या मुठी घेऊन येतो आणि महाग असतो. तो कापून त्याच्या बाजू फेकायच्या हे अनेकांना पटत नाही, आणि जुने डबे फक्त सेकंडहँड मिळतात. रूपांतराच्या बाजूचे लोक म्हणतात की सेकंडहँड बाजार अजून भरलेला आहे. विरोधी बाजूचे म्हणतात की त्या जुन्या फरशी-बोग्यांची लांबीच मुळात चुकीची होती, मग त्यांवर अचूक बाजू बसवून काय साधलं? दोघांचंही खरं आहे. हा प्रश्न कोणता मूळ डबा घेता त्यावर ठरतो, तत्त्वावर नव्हे.

चाकं, आस आणि गेज

इंजिनाच्या किटची परीक्षा चासीत होते. त्यातही एका गोष्टीत: एका आसावरच्या दोन चाकांच्या क्रँक एकमेकींशी काटकोनात असाव्या लागतात. नवख्यांचा समज असा असतो की नेमके नव्वद अंश हवेत. खरं तर चार-दोन अंशांचा फरक चालतो, पण तो प्रत्येक आसावर सारखाच हवा. एक आस वेगळा पडला की जोडदांडे एका फेरीत दोनदा अडकतात आणि इंजिन लंगडतं. रॉमफर्डच्या चाकांचे आस टोकाला चौकोनी असल्यानं हा कोन आपोआप जुळतो, म्हणून ती सुरुवातीसाठी सोयीची. ॲलन गिब्सनसारखी दाबून बसवायची चाकं दिसायला अधिक खरी, पण कोन स्वतः जुळवावा लागतो.

यापुढचा मतभेद जुना आहे. चासी ताठ असावी की चाकांना वरखाली हलण्याची मोकळीक असावी? ताठ चासीचे समर्थक म्हणतात की काळजीपूर्वक, चौकोनात बांधलेली चासी आणि नीट टाकलेले रूळ असले की आणखी काही लागत नाही. दुसऱ्या बाजूला माइक शर्मन यांच्या ‘फ्लेक्सीचास’ या पुस्तकानं तीन बिंदूंवर तोललेल्या चासीचा पुरस्कार केला: एक आस पक्का, बाकीचे डुलत्या दांड्यावर. अलीकडे बारीक पोलादी तारेचा अखंड स्प्रिंग चासीच्या लांबीभर टाकून प्रत्येक आस त्यावर तोलण्याची पद्धत लोकप्रिय होते आहे. स्प्रिंगवाल्यांचा सर्वांत जोरदार मुद्दा दिसण्याचा नाही, विजेचा आहे. सगळी चाकं सतत रुळांना टेकली तर वीज तुटत नाही आणि इंजिन अगदी हळू चालतं. ताठ चासीवाले यावर उत्तर देतात की आधुनिक डिजिटल नियंत्रणाबरोबर छोटा कपॅसिटर बसवला की तीच अडचण सुटते. हा वाद आज बरोबरीत आहे, आणि ज्या गेजमध्ये काम करता त्याप्रमाणे त्याचा निकाल बदलतो.

गेजचे पर्याय मुख्यतः तीन. डबल-ओ १६.५ मिमी. ईएम आधी १८ आणि आता १८.२ मिमी, या गेजची संस्था १९५५ पासून काम करते आहे. आणि साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात मांडलेलं पी-फोर, म्हणजे खऱ्या मापाचं तंतोतंत १८.८३ मिमी, ज्यात चाकांच्या कडाही प्रमाणात पातळ. पी-फोरमध्ये चासीला मोकळीक द्यावीच लागते, कारण एवढी बारीक कड खडबडीत रुळांवरून सहज घसरते. ईएमवाले मधल्या वाटेचं समर्थन करतात: नजरेला बहुतेक फरक मिळतो आणि चाकंही निभावून नेतात. डबल-ओवाले सांगतात की मित्राची गाडी माझ्या रुळांवर आणि माझी त्याच्या रुळांवर चालली पाहिजे. छंद एकट्याचा नसतो. पी-फोरच्या इंजिनांची समोरून काढलेली छायाचित्रं पाहिली की माझं मन तिकडे ओढतं हे मान्य करतो, पण डबल-ओचा मुद्दा मला कमी वजनाचा वाटत नाही.

तयार गाडी चांगली झाली तेव्हा

नव्वदीच्या दशकात हॉर्नबीनं उत्पादन चीनला हलवलं. हातानं बसवायचे बारीक भाग परवडू लागले. २००० सालचं हॉर्नबीचं मर्चंट नेव्ही इंजिन आणि त्याच सुमारास आलेले बाकमनचे मार्क-वन डबे हा बदलाचा टप्पा मानला जातो. जे इंजिन एकेकाळी किटशिवाय मिळत नव्हतं ते किटमधल्या सरासरी कामापेक्षा चांगलं रंगवलेलं मिळू लागलं. रंगाच्या बाबतीत तर हा पराभव स्पष्ट आहे. रूलिंग पेननं अर्ध्या मिलिमीटरची पिवळी रेघ डब्याच्या पूर्ण लांबीवर एकसारखी ओढणारे हात थोडे. छपाईचं यंत्र ती रोज ओढतं.

यावर किट बांधणाऱ्यांच्या तीन भूमिका दिसतात. पहिली: किटचं काम होतं अभाव भरून काढणं, आता अभाव संपला, तर किटनंही संपावं यात दुःख करण्यासारखं काही नाही. दुसरी: अभाव संपलेला नाही, फक्त सरकला आहे. १९२३ मध्ये शंभराहून अधिक ब्रिटिश कंपन्यांचं विलीनीकरण होऊन चार झाल्या. त्याआधीच्या कंपन्यांची इंजिनं आणि डबे इतके वेगवेगळे आहेत की साच्याचा खर्च भरून निघेल एवढी मागणी प्रत्येकाला येणं शक्य नाही. तिसरी भूमिका बांधण्याच्या आनंदाची: गाडी मिळते म्हणून बांधणं थांबवायचं असेल तर मग हा छंद खरेदीचा होतो.

या भूमिकांची खरी कसोटी जुन्या चारचाकी आणि सहाचाकी डब्यांवर लागली. हॅटन्स या विक्रेत्यानं २०१९ मध्ये आणि पाठोपाठ हॉर्नबीनंही असे तयार डबे जाहीर केले. ते कोणत्याही एका कंपनीच्या डब्यांची हुबेहूब प्रतिकृती नव्हते. अनेक कंपन्यांची सामाईक वैशिष्ट्यं घेऊन केलेला तो सर्वसाधारण नमुना होता आणि त्यावर वेगवेगळ्या कंपन्यांचे रंग. एका बाजूनं हे डबे अनेकांना व्हिक्टोरियन काळात घेऊन आले, जिथे ते किटच्या धास्तीनं कधी गेले नसते. दुसऱ्या बाजूनं रेशिओसारख्या किटमधले डबे अस्सल आराखड्याचे असूनही ग्राहक तयार नमुन्याकडे वळले. अचूकता आणि सोय यांत लोक काय निवडतात याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळतं. हे डबे घेतलेल्यांपैकी काही पुढे त्यांवर कोरीव बाजू बसवायला लागले, हेही नोंदवायला हवं; म्हणजे रूपांतराची वाट बंद झालेली नाही. हॅटन्सनं मात्र २०२४ च्या सुरुवातीला व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं.

थ्रीडी छपाई

रेझिनच्या प्रिंटरनं थराची जाडी मिलिमीटरच्या विसाव्या भागावर आणली, तेव्हा घरच्या टेबलावर इंजिनाची बॉडी छापता येऊ लागली. गोलाकार बॉयलर, बोगीच्या बाजूच्या चौकटी, ब्रेकचे भाग यांसाठी हे साधन ओतीव धातूची जागा घेत आहे, आणि घेणं रास्तही आहे. डब्याच्या लांब बाजूंबाबत चित्र वेगळं. पाव मीटर लांबीचा पातळ रेझिन तुकडा काही महिन्यांत केळीसारखा वाकतो, आणि खिडकीची चौकट पितळाएवढी बारीक करायला गेलं तर ठिसूळ होते. त्यामुळे मिश्र वाट रुळते आहे: बाजू पितळी, भिंती आणि छपरावरचे भाग छापलेले, चाकं आणि गिअरबॉक्स विकतचे. काही जण तर प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून सिल्हूट कटरनं बाजू कापून थरांवर थर चिकटवतात आणि फार देखणे डबे काढतात. ही रीत मला डेनी यांच्या पुठ्ठ्याच्या डब्यांची सरळ वारस वाटते.

स्वतः आरेखलेली आणि छापलेली बॉडी ही हातानं बांधलेली मानायची का, यावर एकमत नाही. जुने कारागीर म्हणतात की हातानं साहित्य घडवणं हाच या कामाचा गाभा. नव्या पिढीचं म्हणणं असं की मूळ रेखाचित्रं वाचून संगणकावर रिव्हेटच्या ओळी मांडण्यात कानसकामाइतकाच अभ्यास लागतो. ज्यानं दुसऱ्याची फाइल विकत घेऊन छापली त्याचं काय, हा प्रश्न मात्र दोघांनाही अडचणीचा आहे.

छपाईचं दुसरं दुखणं टिकाऊपणाचं. अनेक छोटे आरेखक आपली मॉडेल्स शेपवेज या कंपनीमार्फत मागणीनुसार छापून विकत. ती कंपनी जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्यांची दुकानं एका रात्रीत बंद पडली. साचे निदान कोणीतरी विकत घेतो.

आरोग्याचा मुद्दा इथे दोन वाक्यांत सांगायलाच हवा. जुन्या ओतीव धातूत शिसं असतं, फ्लक्सचा धूर फुप्फुसांना चांगला नाही आणि न सुकलेलं रेझिन त्वचेला लागू नये. हातमोजे आणि उघडी खिडकी यांवर सगळ्या बाजूंचं एकमत आहे.

आपल्याकडे

मराठी वाचकांपैकी बऱ्याच जणांनी चालती मॉडेल रेल्वे पहिल्यांदा पाहिली असेल ती पुण्यात कोथरूडच्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात. ते १९९८ मध्ये सुरू झालं. पण भारतीय गाडीचं मॉडेल करायचं तर ब्रिटिश किटची समृद्धी इथे नाही, आणि रूपांतराची वाटही अरुंद आहे.

कारण मापांत आहे. पेरांबूरच्या आयसीएफ डब्याची रुंदी ३२४५ मिमी. युरोपातल्या नेहमीच्या एक्स्प्रेस डब्याची २८२५. एचओ प्रमाणात हा फरक जवळपास पाच मिलिमीटरचा होतो. म्हणजे जर्मन किंवा फ्रेंच डबा घेऊन त्यावर नवी बाजू लावून भागत नाही. छप्पर, फरशी, भिंती सगळंच रुंद करावं लागतं. आयसीएफची बॉडी २१.३ मीटर लांब, एचओत २४५ मिमी. नवा एलएचबी डबा २३.५ मीटर, म्हणजे सुमारे २७० मिमी, आणि बाजारातल्या तीव्र वळणांवर तो डबा रुळांबाहेर बराच डोकावतो. खिडक्यांचे आडवे गज हे आणखी एक आव्हान. गज अर्ध्या इंचाचा धरला तर एचओत तो ०.१५ मिमी. प्लास्टिकमध्ये तो अशक्य, छपाईत तुटतो, कोरीव पितळात मात्र जमू शकतो. त्यामुळे भारतीय शयनयान डब्यासाठी पितळी बाजूच योग्य, असं मला वाटतं. प्रत्यक्षात आज अनेक जण सनबोर्ड, पुठ्ठा आणि छापील कागदी बाजू वापरून डबे करतात, आणि पुरेशा अंतरावरून ते छान दिसतात.

इंजिनांत डब्ल्यूडीएम-२ ला एक आधार आहे. ते मूळ अमेरिकेतल्या ॲल्कोचं, आणि त्याच्या तीन आसांच्या विषम अंतराच्या बोग्या ॲल्कोच्या अमेरिकी इंजिनांनाही होत्या. त्यांची एचओ मॉडेल्स मिळतात. त्यामुळे चासी तिकडची आणि बॉडी घरची, ही विल्सची जुनी विभागणी इथे पुन्हा उपयोगी पडते. जीआयपी रेल्वेच्या घाटातल्या डब्ल्यूसीजी-१ ची गोष्ट उलटी. ‘क्रोकोडाइल’ म्हणून ओळखलं जाणारं हे इंजिन स्विस क्रोकोडाइलच्या मॉडेलमधून काढता येईल असा मोह होतो. पण स्विस इंजिनाला दोन्ही टोकांना ओढ न देणारा एकेक जास्तीचा आस असतो, आपल्याकडच्याला नाही; नाकाची लांबी आणि चाकांची अंतरं सगळीच बदलतात. इथे रूपांतर संपतं आणि स्वतःची चासी सुरू होते.

डेक्कन क्वीनचा रेक घेतला तर अख्खा वाद एकाच गाडीत दिसतो. १ जून १९३० ला ती सात-सात डब्यांच्या दोन रेकनी सुरू झाली: एक रुपेरी, किरमिजी पट्ट्यांचा, दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. फ्रेम इंग्लंडमध्ये केलेल्या, बॉडी माटुंग्याच्या कारखान्यात. १९६६ मध्ये त्यांच्या जागी आयसीएफचे डबे आले, आणि जून २०२२ पासून एलएचबी. तिसरा टप्पा उद्या एखादा उत्पादक तयार काढेल, कारण तेच डबे देशभर आहेत. दुसऱ्याला पितळी बाजू आणि रुंद केलेलं छप्पर-फरशी लागेल. पहिला मात्र पूर्ण हातानंच करावा लागेल.

न सुटलेले प्रश्न

किट काढणारे बहुतेक उत्पादक एक-दोन माणसांचे असतात. ते निवृत्त झाले की चित्रं आणि साचे कुठे जातात, हे योगायोगावर आहे. कॉमेटचा संग्रह विझार्डकडे गेला, पार्कसाइड पेकोकडे. ज्यांचे असे हात बदलले नाहीत ती किट बाजारातून गेली. जपानच्या माशिमा मोटर बंद झाल्या तेव्हा त्यांच्या मापांवर बेतलेल्या कितीतरी चासींची आखणी पुन्हा करावी लागली. सामाईक जतनाची ठोस व्यवस्था अजून उभी राहिलेली नाही.

कौशल्याचा वारसा हा दुसरा प्रश्न. सोल्डरिंग प्रात्यक्षिकात दिसतं, बाकाचं वळण बोटांना कळावं लागतं. स्वस्त, सोप्या किटवर नवखा शिकत असे. ती किट तयार डब्यांपुढे विकली जाईनाशी झाली, आणि आता नवख्याच्या हाती पहिलंच किट येतं ते अवघड आणि महाग. सुरुवातीची ही पायरी कोण पुन्हा घालणार, याचं उत्तर कोणत्याही बाजूकडे नाही.

भारतीय मॉडेलकारांपुढे गेजचा प्रश्न तर ब्रिटनच्याच प्रश्नाचं दुसरं रूप आहे. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमी. १:८७ प्रमाणात ती साधारण १९.२५ मिमी व्हायला हवी, पण बहुतेक जण १६.५ मिमीच्या तयार रुळांवर गाड्या चालवतात, म्हणजे पावणेतीन मिलिमीटर कमी. ब्रिटिश चार मिमी मापात ती नेमकी २२ मिमी येते. साडेपाच फुटांचं गणित सरळ आहे. आयर्लंडच्या सव्वापाच फुटी रुळांसाठी तिथले काही जण २१ मिमीचे रूळ स्वतः टाकतात, म्हणजे हे अशक्य नाही. तिसरा पर्याय तीन मिलिमीटर मापाचा, १:१०१.६. त्यात साडेपाच फूट म्हणजे बरोबर १६.५ मिमी, दुकानातल्या रुळांशी जुळणारे. पण मग बोग्यांच्या चौकटी आणि बाजूपासून छपरापर्यंत बॉडीचा प्रत्येक भाग स्वतः करावा लागतो, कारण त्या मापात भारतीय काहीच तयार नाही. आज बहुतेक जण १:८७ आणि अरुंद रूळ ही सोय स्वीकारतात. दुसऱ्या दोन मापांत कोणी काम केलं, तर त्याच्या गाड्या इतरांच्या गाड्यांशेजारी उभ्या राहणार की नाही, हे अजून ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.